जुगाराचे देणे आणि मधला सावकार

पत्त्यांत हरलेली रक्कम कोर्टातून वसूल करून घेता येत नाही, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. कायद्याचे पुस्तक कधी न उघडलेला मनुष्यही एवढे सांगतो, आणि सांगतो ते बरोबरच असते. परंतु तीच रक्कम हरणाऱ्याने खिशातून न देता बँकेच्या क्रेडिट कार्डावर भरली असेल, तर ते देणे जुगाराचे राहिले, की बँकेच्या कर्जाचे झाले? जिंकणारा पैसे घेऊन केव्हाच निघून गेला. हरणाऱ्याच्या दारात आता उभी आहे ती बँक. तिला जुगाराच्या देण्याचा कायदा लावावयाचा की साध्या सावकारीचा? प्रश्न दिसावयास अगदी नवा आहे. तथापि त्याचे मूळ फार जुने असून, त्या मुळाचा एक धागा जुन्या मुंबई इलाख्यातून, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यावरूनही गेलेला आहे. आजच्या भाषणात तो धागा थोडा उलगडून पाहावा असा विचार आहे.

जांबोटीसारख्या रानातल्या गावी बसून हा विषय का सुचावा, असे श्रोत्यांस वाटेल. त्याचे कारण आमचा रस्ता. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाट उतरून पणजीला जाणारी वाट आमच्या गावावरून जाते. या वाटेने माणसे देवदर्शनास जातात, फेस्तास जातात, सोयरिकी जुळवावयास जातात. अलीकडे त्यांत मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या जहाजांवरील कॅसिनोंकडे निघालेल्यांची भर पडली आहे. गोवा सरकारने १९७६ साली सार्वजनिक जुगाराविरुद्ध कायदा केला. मग १९९२ साली त्याच कायद्याला एक दार पाडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरील जुगारास वाट करून दिली, आणि १९९६ साली ती वाट जहाजांपर्यंत रुंद केली. पुढे २०२० साली स्वतःच्या रहिवाशांना मात्र तेथे खेळण्यास मनाई केली. आपल्या लेकरांना जे नको ते पाहुण्यांच्या पानात वाढावे, यातले शहाणपण मला अजून कळलेले नाही. असो. तात्पर्य, तेथे हरणारा मनुष्य बाहेरगावचा असतो, आणि त्याचे देणे त्याच्याबरोबर घाट चढून त्याच्या घरी येते.

आता मागे जाऊ. जुगारात लावलेला पण कायद्याने बंधनकारक आहे काय, हा प्रश्न आपल्या देशात सर्वांत प्रथम ठामपणे विचारला तो एका स्त्रीने. कौरवांच्या द्यूतसभेतून द्रौपदीला आणावयास दूत गेला, तेव्हा तिने रडण्यापूर्वी एक प्रश्न पाठविला : युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? हा आक्रोश नव्हे. वकिलाने घ्यावा तसा हा कायद्याचा मुद्दा आहे. भीष्मांना त्याचे उत्तर देता आले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून ते थांबले. विकर्णाने हा पण खरा नाही असे सांगितले आणि तो गप्प बसविला गेला. सभेत बसलेल्या इतक्या जाणत्यांपैकी बहुतेकांना त्या पणाची वैधता तपासून पाहावीशी वाटली नाही, हे मला त्या कथेतील सर्वांत भयंकर वाटते.

पुढे धर्मशास्त्रकारांनी मात्र हा विषय टाळला नाही. त्यांच्यात एकमत नव्हते. राजाने आपल्या राज्यात द्यूत राहूच देऊ नये, हे मनूचे मत. कौटिल्याचा विचार व्यवहारी होता. खेळ थांबत नाही, तर तो एका जागी, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावा, फासे सरकारने द्यावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत, अशी त्याची व्यवस्था. याज्ञवल्क्य या दोघांच्या मध्ये येतो, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. त्याने जुगाराचा अड्डा चालविणाऱ्या माणसाला, म्हणजे ‘सभिका’ला, कायद्यात जागा दिली. सभिकाने मोठ्या डावावर शेकडा पाच आणि इतरांवर शेकडा दहा घ्यावेत, राजाचा ठरलेला भाग राजाला द्यावा, हरणाऱ्याकडून पैसे वसूल करून जिंकणाऱ्याच्या हाती द्यावेत. आणि मग तो नेमका नियम सांगतो : राजाचा भाग पोहोचला असेल, खेळ उघड मंडळीत झाला असेल आणि तेथे सभिक असेल, तरच राजाने हरलेली रक्कम देववावी, एरवी नाही. चोर ओळखू यावेत म्हणून खेळ एकाच ठिकाणी चालवावा, असेही एक कारण त्याने दिले आहे. पोलीस खात्यातील कोणाही अनुभवी मनुष्याला ते पटेल.

या याज्ञवल्क्यस्मृतीवरील सर्वांत मान्य टीका ‘मिताक्षरा’. ती लिहिणारा विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण येथील दरबारातला. हे कल्याण म्हणजे ठाण्याजवळचे नव्हे. आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ते हे. म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभास ज्या ग्रंथाने पुढे निम्म्याहून अधिक हिंदुस्थानचा वारसा आणि ऋण यांचा कायदा ठरविला, तो आज ज्या राज्यात आपण राहतो त्याच राज्याच्या भूमीवर लिहिला गेला.

या परंपरेत आणखी एक नियम आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. बापाचे ऋण फेडणे हा मुलाचा धर्म मानलेला असे. बाप कर्ज ठेवून मेला तर ते मुलाने फेडावे. परंतु दारूसाठी किंवा जुगारासाठी केलेले ऋण असेल, तर मुलावर ते बंधन नाही, असे मनू सांगतो आणि याज्ञवल्क्यही सांगतो. बापाच्या व्यसनाचा भार पोरावर टाकू नये, इतकी कणव त्या कठोर स्मृतिकारांच्या ठायी होती. इंग्रजी अमदानीतील कोर्टांनीही हा नियम मानला आणि अशा देण्यांना ‘अव्यावहारिक’ ऋण हे जुनेच नाव चालू ठेवले.

इंग्रजांबरोबर जो कायदा आला तो मात्र आरंभी याहून सैल होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याप्रमाणे साधी पैज ही इतर करारांसारखीच एक करार असे, आणि सार्वजनिक हिताला ती बाधक नसेल तर तिच्यावर फिर्याद चाले. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८४५ साली कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरविले. पण तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. इकडे मुंबईच्या बाजारात अफूवर पैजा चालत होत्या. कंपनी सरकार कलकत्त्यास पाटण्याच्या अफूचा लिलाव करी. त्या लिलावात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईचे व्यापारी शेकडो कोस दूर बसून पैजा मारीत. त्यांतल्या कित्येकांनी अफूची एक पेटीही घ्यावयाची नसे की द्यावयाची नसे. घेणे-देणे सगळे भावातल्या फरकाचे. अशा एका पैजेवरील वाद, रामलाल ठाकुरसीदास यांचा खटला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ साली त्याचा निकाल लागला. असल्या पैजांना न्यायासनाने हात द्यावा लागतो याबद्दल न्यायाधीशांनी नाखुशी दाखविली. परंतु हिंदुस्थानात मनाई करणारा कायदा नसल्यामुळे ही पैज वसूल होण्याजोगी आहे, असेच त्यांना सांगावे लागले.

त्याच वर्षी कलकत्त्याच्या सरकारने १८४८चा २१वा कायदा केला. पैजेचे सर्व करार रद्दबातल, आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी कोणत्याही कोर्टात फिर्याद चालणार नाही. अफूच्या बाजाराचे जुने दावे तेवढ्याने बुडाले नाहीत. कायद्यापूर्वी दाखल झालेल्या फिर्यादींना नवा कायदा लागत नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १८५० साली दिला. नव्या पैजांचे दार मात्र बंद झाले.

किंबहुना बंद झाले असे वाटले. कारण बाजारातील पैज ही समोरासमोर बसलेल्या दोघांत क्वचितच होते. मधे दलाल असतो, आडत्या असतो. गिऱ्हाईक हरले, तर आडत्या आपल्या पदरचे पैसे जिंकणाऱ्याला चुकते करतो, आणि मग गिऱ्हाइकाकडे येऊन म्हणतो : मी काही तुझ्याशी पैज लावली नव्हती. तुझ्या सांगण्यावरून मी तुझे देणे भागविले; माझे पैसे आणि माझी दलाली दे. दुसरा कोणी सावकार म्हणतो : मी तुला कर्ज दिले, तू त्याचे काय केलेस हे मला काय ठाऊक? १८४८चा कायदा दोन जुगाऱ्यांमधील व्यवहाराबद्दल बोलत होता. या मधल्या माणसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. त्यामुळे हरलेला मनुष्य जिंकणाऱ्यापासून सुटे, आणि दलालाच्या फिर्यादीत अडके. रक्कम तीच, हरणारा तोच; फक्त वसूल करणारा बदलला. याज्ञवल्क्याचा सभिक अशा रीतीने मागच्या दाराने परत आला, आणि राजाचा भाग न देता आला.

मुंबई सरकारने हे ओळखले ते १८६५ साली. वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. धारवाड भागातील कापूस कुमठ्याच्या बंदरावरून जाई; त्या तेजीचे वारे आपल्या मुलुखातही खेळले. मुंबईत तर हमालापासून शेठापर्यंत सारे शेअरांच्या वायद्यांत उतरले. युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, आणि जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस वायदे चुकते करावयाची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्याच वर्षीच्या मुंबईच्या तिसऱ्या कायद्याने सांगितले, की पैजेस किंवा जुगारास मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेले करार, तसेच अशा करारांसाठी दिलेले तारण वा जामीनकी, हे सर्व रद्दबातल समजावे. आणि अशा व्यवहारातील दलालीसाठी अगर दिलेल्या पैशासाठी फिर्याद चालू नये.

हा कायदा लहान आहे; दोन कलमांत आटोपतो. परंतु त्याची दृष्टी मोठी होती. जुगार जगतो तो उसन्या पैशावर, आणि उसना पैसा येतो तो मधल्या माणसाकडून, हे त्याने पाहिले. खुद्द इंग्लंडला हे सुचावयास १८९२ साल उजाडावे लागले. दलालाने भरलेले पैसे हरणाऱ्याकडून वसूल होतात, असे तेथील कोर्टाने १८८४ साली म्हटले, आणि मग आठ वर्षांनी पार्लमेंटने कायदा करून ते बंद केले. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या सत्तावीस वर्षे पुढे होती.

पुढे १८७२ साली सबंध हिंदुस्थानसाठी कराराचा कायदा झाला. त्याचे ३०वे कलम आजही लागू आहे : पैजेचे करार रद्दबातल, आणि जिंकलेल्या रकमेची फिर्याद चालणार नाही. घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये वा अधिक किमतीच्या बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीला तेवढी सूट आहे; साहेबाला घोडे प्रिय होते. परंतु मुंबईने सात वर्षांपूर्वी जे मधल्या माणसाबद्दल सांगितले होते, ते या ३०व्या कलमात घेतले गेले नाही. परिणामी देशात दोन प्रकार झाले. मुंबई इलाख्यात जुगारासाठी दिलेले कर्ज आणि दलाली बुडीत; कलकत्ता आणि मद्रास इलाख्यांत तीच वसूल होण्याजोगी.

हा फरक किती मोठा, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २६ मार्च १९५९च्या घेरूलाल पारख खटल्यावरून दिसते. दार्जिलिंगकडील दोन कुटुंबांनी हापूरच्या व्यापाऱ्यांशी भावाच्या पैजा लावण्यासाठी भागीदारी केली. पैजा हरल्या. एका भागीदाराने सगळे नुकसान भरून दिले आणि दुसऱ्याकडे निम्मे मागितले. दुसरा म्हणाला, धंदाच जुगाराचा. मी कशाला देऊ? न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकालपत्र लिहिले. इंग्रजी कायद्याबरोबर त्यांनी आपली स्मृतिवचनेही तपासली आणि सांगितले, की पैजेचा करार रद्दबातल आहे, पण निषिद्ध नाही. कोर्ट त्याला हात देणार नाही इतकेच. तो गुन्हा ठरत नाही. म्हणून त्याला जोडून केलेला दुसरा करार, येथे भागीदारी, उभा राहतो. मुंबईत १८६५चा कायदा असल्यामुळे तेथील स्थिती निराळी आहे, याची नोंदही त्या निकालात आहे. हाच दावा जुन्या मुंबई इलाख्याच्या हद्दीत दाखल झाला असता, तर पैसे भरून बसलेल्या त्या भागीदाराला हात हलवीत परतावे लागले असते.

त्या वेळी बेळगाव मुंबई राज्यात राहिले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या गोष्टीचे दुःख येथील मराठी माणसाला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तो आजचा विषय नव्हे. परंतु पुनर्रचनेच्या कायद्यात ११९वे कलम असे होते, की ज्या मुलुखात जो कायदा चालू आहे तो, विधिमंडळ बदलीपर्यंत, तसाच चालू राहील. सरहद्द एका रात्रीत हलली. कायदे मागे राहिले. त्यामुळे येथील वकिलांना पुष्कळ वर्षे मुंबईची पुस्तके आणि म्हैसूरची पुस्तके अशी दोन्ही कपाटे ठेवावी लागली.

‘रद्दबातल’ आणि ‘निषिद्ध’ या दोन शब्दांतले अंतर श्रोत्यांनी क्षणभर लक्षात ठेवावे. कार्डाचा सगळा प्रश्न त्यावर फिरतो. जुगाराचे फौजदारी कायदे निराळे आहेत. मुंबईने १८८७ साली जुगार प्रतिबंधक कायदा केला; त्यातून पावसावरील पैजा निसटतात असे दिसताच १८९० साली त्यांनाही आत घेतले. आभाळाकडे बघून पैसे लावणारे लोक आणि त्यांच्या मागे धावणारे विधिमंडळ, ही शर्यत तेव्हापासून चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या खटल्यात जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरविले. ती कोडी बंगळूरहून निघत आणि मुंबई राज्यात घरोघर सोडविली जात. सरन्यायाधीश दास यांनी त्या निकालात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताचीही आठवण दिली आहे.

आता जहाजावर येऊ. गोव्यातील परवानाधारक कॅसिनोत खेळणे हा तेथे गुन्हा नाही. परंतु गुन्हा नाही म्हणून ३०वे कलम बाजूला सरत नाही. परवाना जुगारगृहाला शिक्षेपासून वाचवितो. जिंकलेले पैसे कोर्टातून मिळवून देण्याचे सामर्थ्य त्यात नाही. याज्ञवल्क्याने राजाचा भाग पोहोचला की वसुलीस मदत दिली होती. आजचा राजा भाग घेतो, पण वसुलीस हात देत नाही. म्हणून शहाणे जुगारगृह उधारीवर विसंबत नाही. पैसे आधी मोजून घ्यावयाचे, त्यांच्या बदल्यात चकत्या द्यावयाच्या, आणि मग खेळ. आमच्या चर्चच्या फेस्ताला हाउजी खेळतात, तेथेही तिकिटाचे पैसे आधी द्यावे लागतात. फरक एवढाच, की तेथे कोणी घर हरून जात नाही. ज्यांना हा खेळही पाप वाटतो त्यांनी आमच्या चर्चची प्रश्नोत्तरी पाहावी. नशिबाचे खेळ स्वतःहून अन्याय्य नाहीत, पण माणसाच्या स्वतःच्या वा इतरांच्या गरजा भागविण्यास लागणारे धन ते हिरावू लागले की ते अग्राह्य होतात, असे ती सांगते. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, हे दृश्य ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला ही मर्यादा कुठे ओलांडली जाते ते निराळे शिकवावे लागत नाही.

पैसे आधी द्यावयाचे असतील, तर खिसा रिकामा झाल्यावर खेळ थांबला पाहिजे. क्रेडिट कार्डाने तो थांबत नाही. येथेच १८६५ सालचा आडत्या नव्या पोशाखात उभा राहतो. कार्ड फिरविताच बँक जुगारगृहाला रक्कम चुकती करते आणि खेळणाऱ्याच्या नावे कर्ज लिहिते. महिनाअखेर पत्रक येते. त्यावर ना फासे, ना पत्ते. एक नाव, एक तारीख, एक आकडा. मुदतीत न फेडल्यास दरमहा शेकडा तीनच्यावर व्याज चढू लागते. क्रेडिट कार्डावर वर्षाला शेकडा तीसहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये हा दामदुपटाचा नियम जुन्या मुंबई इलाख्यातील कोर्टे हिंदू ऋणकोच्या बाबतीत पाळीत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मग हे देणे वसूल होते काय? सरळ उत्तर द्यावयाचे तर, बहुतेक ठिकाणी होते. बँकेने पैज लावलेली नाही. तिने कर्ज दिले आहे, ते कार्डाच्या करारावर दिले आहे, आणि घेरूलाल खटल्याच्या न्यायाने रद्दबातल व्यवहाराला जोडून आलेला करार मरत नाही. ‘मी जुगारात हरलो, म्हणून बँकेचे देणार नाही’ ही सबब देशाच्या पुष्कळशा भागात टिकणारी नव्हे. जेथे १८६५चा कायदा चालतो, म्हणजे महाराष्ट्रात आणि गुजरातेत, तेथे प्रतिवादीच्या हाती एक शब्द आहे : ‘जाणूनबुजून’. बँकेने हे कर्ज जुगाराला मदत म्हणून जाणूनबुजून दिले काय? बँक म्हणेल, कार्ड देताना त्याचा उपयोग किराणा घेण्यास होईल की कॅसिनोत, हे आम्हांला कसे कळावे? हे म्हणणे कार्ड देण्याच्या दिवसापुरते खरे आहे. परंतु कार्डाच्या जाळ्यात प्रत्येक दुकानाला त्याच्या धंद्याप्रमाणे चार आकड्यांचा एक क्रमांक असतो, आणि प्रत्येक व्यवहाराबरोबर तो बँकेकडे जातो. पैजा आणि कॅसिनोच्या चकत्या यांचा क्रमांक ७९९५. रक्कम मंजूर करतेवेळी तो क्रमांक जिच्या यंत्रापुढे आला, त्या बँकेला काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणे मला तरी पटत नाही. जुन्या आडत्याने एवढे उघड वहीत लिहून ठेवले नसते.

अमेरिकेत हा वाद पूर्वीच होऊन गेला. कॅलिफोर्नियातील एका बाईने इंटरनेटवरील जुगारात कार्डांवर सत्तर हजार डॉलर घालविले; १९९८ साली बँकेने तिच्यावर फिर्याद केली, तेव्हा तिने उलट फिर्याद केली, की बेकायदा जुगारासाठी कर्ज पुरवून हीच बँक नफा मिळवीत होती. प्रकरण तडजोडीने मिटले आणि बँकेने देणे सोडून दिले. तेवढ्यावरून हर्ष मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या काही ग्राहकांनी असाच आरोप घेऊन कार्ड कंपन्यांवरच दावे केले, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या अपील कोर्टाने २००२ साली ते फेटाळले. मग २००६ साली तेथील काँग्रेसने बेकायदा इंटरनेट जुगाराचे पैसे अडविण्याची जबाबदारी बँकांवरच टाकली.

इंग्लंडची गोष्ट अधिक चमत्कारिक. ज्या देशाकडून आपण पैज रद्दबातल हे सूत्र घेतले, त्याने १ सप्टेंबर २००७पासून ते टाकून दिले. आता ब्रिटनमध्ये पैजेची रक्कम कोर्टातून वसूल होते. परंतु १४ एप्रिल २०२० रोजी तेथील जुगार आयोगाने क्रेडिट कार्डावर जुगार खेळू देण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली ऑनलाइन पैजांपुरते तेच केले. म्हणजे पैज खरी माना, पण उसन्या पैशावर खेळू देऊ नका, या जागी ते आले. मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी ज्या जागेवर बोट ठेवले होते, ती हीच.

आपल्याकडे परकीय चलनाच्या २०००च्या नियमांप्रमाणे लॉटरीची तिकिटे, फुटबॉलवरील पैजा आदींसाठी परदेशी पैसे धाडता येत नाहीत. त्यात कार्डही आले. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांचे खेळ निषिद्ध ठरविणारा कायदा केला आणि बँकांनी अशा खेळांचे पैसे पोचते करू नयेत असे त्यात घातले. येथे मघाचे दोन शब्द पुन्हा समोर येतात. मांडवीतील जहाजावरील पैज रद्दबातल आहे, निषिद्ध नाही. तिच्यासाठी कार्डावर काढलेले कर्ज बँक मागू शकते. या नव्या कायद्याखालील ऑनलाइन पैज निषिद्धच असल्यामुळे घेरूलाल खटल्याचा आधार तेथे बँकेच्या कामी येत नाही. ज्या बँकेने ओळखून असा व्यवहार पार पाडला, तिची मागणी माझ्या मते पुष्कळ दुबळी होते. घरात बसून फोनवर हरलेल्याची बाजू जहाजावर जाऊन हरलेल्यापेक्षा बळकट ठरावी, हा विचित्र योग आहे. पण कायद्याची मांडणी तशी आहे.

हे सर्व हरणाऱ्यापुरते झाले. त्याच्या पश्चात काय, हा प्रश्न आमच्यासारख्या खेड्यांत अधिक जिव्हाळ्याचा. घरातला कर्ता माणूस अकाली जातो. बाराव्याच्या आत किंवा मृत्यूनंतरच्या मिस्सेच्या आठवड्यातच कार्डाच्या थकबाकीची पत्रे येऊ लागतात, फोन येऊ लागतात, आणि बायको वा कॉलेजात जाणारा मुलगा ते देणे आपल्या डोक्यावर आहे असे समजून दागिना काढतो. वस्तुतः कार्डाचे कर्ज विनातारण असते. बँकेचा हक्क मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर आहे, वारसांच्या स्वतःच्या कमाईवर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५० आणि ५२ या कलमांप्रमाणे वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. हिंदू मुलावरील पितृऋणाचे जुने बंधनही ९ सप्टेंबर २००५ नंतर केलेल्या कर्जांपुरते कायद्याने काढून टाकले आहे. कर्ज जुगाराचे होते की शेतीचे, हे आता पाहावेही लागत नाही. ख्रिस्ती घरांत तसे बंधन नव्हतेच; तेथे मयताची देणी त्याच्या मालमत्तेतून भागवावयाची असतात.

मात्र एक गोष्ट घडते आणि ती सावधपणे टाळली पाहिजे. वसुलीस आलेला मनुष्य गोड बोलून एक कागद पुढे करतो : हप्ते बांधून देतो, व्याज सोडतो, फक्त येथे सही करा. जोवर सही नाही, तोवर ते देणे मेलेल्या माणसाचे असते. सही झाली, की बँक आता मयताच्या मालमत्तेकडे न पाहता जिवंत माणसाकडे पाहू लागते, कारण तिच्या हाती नवा करार येतो. असा कागद आला तर तो घरात ठेवून घ्यावा, आधीची पत्रके त्याच्याबरोबर जोडावी, त्यांतले व्यवहार कोणत्या धंद्याचे होते ते बँकेकडून लेखी मागवावे, आणि खानापूरच्या किंवा बेळगावच्या वकिलाला दाखविल्यावाचून त्यावर अंगठाही उठवू नये.